आवाजाच्या भरवशावर

६ मे

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी घरी नव्हतो. टेप-रेकॉर्डर खांद्याला लटकवून दगडाच्या खाणीवर गेलो होतो. तिथल्या बायका घण मारताना ताल धरून काहीतरी म्हणतात, ते मला हवं होतं. मिळालं. परत येऊन जिना चढतोय तोवर खालचा पुस्तकबांधणीवाला ओरडला, "ताईंचं पत्र आलंय, दाराखालून सरकवलंय!" त्या म्हाताऱ्यालाही आता तुझं अक्षर ओळखू येतं.

मोठी बातमी ही, की आमच्या रेडिओ केंद्रावर रविवारची दुपार मला मिळाली. दोन तास, थेट. श्रोते फोन करणार, मी बोलणार, आणि ते तसंच्या तसं तुमच्या घरात ऐकू येणार. आमचे संचालक मला खोलीत बोलावून म्हणाले, "तुमच्या आवाजावर लोकांचा विश्वास आहे. तो आपण वापरला पाहिजे." 'वापरला' हा शब्द मला जरा खटकला, पण गप्प बसलो. इतकी वर्षं या इमारतीत काढल्यावर माणूस दुसरं काही नाही तर गप्प बसायला शिकतो.

तुला आठवतं ना, पहिल्या आवाज-चाचणीत मला नापास केलं होतं? "आवाज स्वच्छ, पण भोंग्यासारखा" असा शेरा होता. तू तो भाऊजींना वाचून दाखवलास आणि माझं पाळण्यातलं नाव त्या दिवशी कायमचं बुडालं. मग टेपा उचलून ठेवायची नोकरी, मग हवामान वाचायचं, मग एकदा निवेदकाचा घसा बसला म्हणून मला आत ढकललं, आणि तिथून मी बाहेर आलोच नाही. पुढे निर्माता झालो. आता नवीन मुलं मला 'सर' म्हणतात. माझ्या हाताखाली एक तरतरीत निवेदिका दिली आहे. तिचं बोलणं इतकं भरभर की मी तिला चिमणी म्हणतो. फोन ती घेणार, मला जोडून देणार.

खरं सांगू? थोडी धाकधूक आहे. ध्वनिमुद्रित कार्यक्रमात ब्लेड हाताशी असतं. माणूस खोकला, अडखळला, नको ते बोलला, तर तेवढी टेप कापायची आणि दोन टोकं चिकटवायची. थेट कार्यक्रमात ब्लेड नसतं.

पण एक गोष्ट मला येते, हे छातीठोक सांगतो. माणूस खरं बोलतोय की खोटं, ते मला कानानं कळतं. चेहरा समोर असला की माझा गोंधळ होतो. नुसता आवाज असला की नाही होत.

भाऊजींना सांग, रविवारी वामकुक्षी बंद.

तुझा,
भोंगा


२० मे

भोंग्या,

ऐकला. दोन्ही रविवारी ऐकला. खाणीतल्या बायकांचं ऐकून शेजारची म्हणाली, "तुमचा भाऊ दगडालाही बोलायला लावील." मी म्हटलं, दगडाचं सोपं आहे, या भावाला लग्नाला उभा करून दाखवा.

यांची तब्येत आहे तशीच. उजवं अंग अजून उठत नाही, पण जीभ पूर्ववत झाली आहे आणि तिचा त्रास सगळा मला. रेडिओ उशाशी ठेवला आहे. रविवारी तू सुरू झालास की मला स्वयंपाकघरात भांडंही ठेवू देत नाहीत. "वाजवू नकोस, भोंगा बोलतोय!" अरे, मी तुला कडेवर घेऊन फिरले आहे, तेव्हापासून ऐकतेय की.

ते कानाचं जे लिहिलं आहेस ना, ते मला आवडलं नाही. लहानपणी तू माझं खोटं कधी ओळखलं नाहीस. आई आजारी होती तेव्हा "ती मावशीकडे गेलीय" म्हणून मी तुला किती दिवस झोपवलं! तुला कळलं होतं? उगाच फुशारकी मारू नकोस. हात दाखवून अवलक्षण.

आमच्या खालच्या वस्तीत यंदा नदीकाठची भिंत बांधणार म्हणतात. दरवर्षी म्हणतात. खाली यांची ओळ आहे. डाव्या हातानं लिहिलं आहे, भिंगातून वाच.

ताई

*भोंग्या, आवाज फर्स्ट क्लास. बोलताना श्वास घेतोस तो ऐकू येतो, माइकपासून चार बोटं मागे बस. घड्याळजी असलो तरी कान शाबूत आहेत.*


१२ ऑगस्ट

ताई,

सकाळपासून फोन लावतोय, तुमच्या बाजूच्या सगळ्या लाइनी बंद आहेत. पत्र कधी पोचेल माहीत नाही. हे मिळताच कुणाकडून तरी दोन शब्द कळव. तुम्ही दोघं कुठे आहात? घरी आहात का?

काल काय झालं ते तू ऐकलंच असशील, पण माझ्या बाजूनं ऐक.

पाऊस आठवडाभर लागून होता. कार्यक्रमाआधी टेबलावर एक टाइप केलेला कागद होता: 'धरणातील पाणीपातळी नियंत्रणात आहे. नागरिकांनी घाबरू नये.' खाली सही नाही. मी तो सुरुवातीलाच वाचला. मग नेहमीसारखे फोन. एक बाई आपल्या हरवलेल्या बकरीबद्दल बोलत होती, तेवढ्यात काचेपलीकडून चिमणीनं दोन्ही हात हलवले. मी गाणं लावलं आणि बाहेर आलो.

फोनवर एक मास्तर होता. धरणाच्या पायथ्याशी शाळा आहे, तिथला. त्यानं नाव सांगितलं, शाळा सांगितली. म्हणाला, "भिंतीतून पाणी येतंय. झिरपत नाहीये, येतंय. वरच्या ऑफिसात कुणी फोन उचलत नाही. तुम्ही सांगा लोकांना." मी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" म्हणाला, "आत्ता तिथूनच आलोय, माझे कपडे भिजलेत हो!" हे त्याचे शब्द. भिजलेत म्हणताना त्याला रडू आवरत नव्हतं.

मी धरणाच्या ऑफिसला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी लावला, कुणीतरी म्हणालं, "साहेब झोपलेत, चारनंतर करा." आमचे संचालक घरी नव्हते. गाणं संपत आलं. चिमणी माझ्याकडे बघत होती. मी आत गेलो, तो जड दरवाजा ओढून घेतला, आणि लाल दिवा लागला.

मी म्हणालो, "आत्ता एक निरोप आलाय. त्याची खात्री करायला मला वेळ मिळालेला नाही. पण ज्यानं दिला त्याच्यावर माझा विश्वास बसलाय. नदीकाठी, खालच्या वस्तीत जे कुणी ऐकत असतील, त्यांनी घर सोडावं आणि उंचावर जावं. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आधी काढा." हेच तीनदा सांगितलं.

ताई, उंचावर जायचं म्हणजे पूल ओलांडायचा. तो अरुंद जुना पूल. मी त्यावरून शंभरदा गेलोय. तो माझ्या मनातच आला नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत कळलं. धरण शाबूत आहे. पाणी बाजूच्या जुन्या मोरीतून येत होतं म्हणतात. खालच्या वस्तीत पाणी घोट्याएवढं आलं आणि उतरलं. आणि पुलावर चेंगराचेंगरीत तीन माणसं गेली. दोन बायका, एक म्हातारा. नावं सांगितली नाहीत.

म्हातारा म्हटल्यापासून मी बसू शकलेलो नाही. लवकर कळव.

भोंगा


१८ ऑगस्ट

भोंग्या,

आम्ही दोघं ठीक आहोत. घाबरू नकोस. आमच्या घरात पाणी आलं ते दारापर्यंत, चूल कोरडी राहिली. हे मात्र घरातल्या मोरीपाशी पाय घसरून पडले आणि कमरेला लागलं. पावसानं फरशा ओल्या, दुसरं काय. डॉक्टर येऊन गेले. झोपून राहायचं आहे, ते तसेही झोपलेलेच असतात.

वस्तीत सगळे आपापल्या उद्योगाला लागलेत. तू जेवतोस ना वेळेवर? खालच्या पुस्तकबांधणीवाल्याला सांग, तुझ्यावर लक्ष ठेव म्हणून.

तू जे केलंस ते चांगल्या मनानं केलंस. जास्त विचार करू नकोस.

ताई


९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र किती वेळा वाचलं सांगता येत नाही. भाऊजी बरे आहेत यावर माझे हे दिवस निघाले. पण खाली त्यांची ओळ का नाही? कमरेला लागलं तर डावा हात कसा थांबला? माझ्यावर रागावलेत का? ते रागावले असतील तर तसंच लिहू देत. एका ओळीत चार शिव्या मावतात.

मला माइकवरून उतरवलं आहे. चौकशी बसली आहे. मी रोज ऑफिसात जातो, कॅन्टीनच्या बाजूला एक खोली आहे, मोडक्या खुर्च्या ठेवायची, तिथे मला टेबल दिलंय. कालच्या रविवारी माझ्या वेळेला नुसती गाणी लावली. दोन गाण्यांच्या मध्ये चिमणी फक्त गाण्याचं नाव सांगते. एरवी इतकी बडबडणारी पोर, जपून एकेक शब्द ठेवत होती.

संचालक दार लावून घेऊन माझ्याशी बोलले. म्हणाले, "त्या फोनवाल्याचं नाव फक्त तुम्हाला आणि त्या मुलीला माहीत आहे. मुलगी म्हणते विसरले. तिची नोकरी कच्ची आहे, तिला मी जास्त छेडत नाही. तुम्ही नाव द्या. आणि लिहा, की त्यानं आपण धरणावरचा अधिकारी असल्याचं सांगितलं. म्हणजे तुमची फसवणूक झाली. विषय संपला."

मी म्हणालो, "पण तो तसं म्हणाला नाही."

ते म्हणाले, "तो काय म्हणाला ते कुणी ऐकलंय?"

नाव दिलं तर पोलीस त्या मास्तरला उचलणार. अफवा पसरवली म्हणून आत टाकणार. त्यानं पाणी पाहिलं होतं हे खरं आहे. पाणी भिंतीतून येतंय हे त्याला वाटलं. मला त्याच्या आवाजात खरेपणा ऐकू आला, आणि तो होताच. फक्त खरं बोलणारा माणूसही चुकू शकतो, एवढं साधं माझ्या कानाला कळलं नाही.

पण ताई, खोटं लिहिलं तर नोकरी राहते. कदाचित रविवारही परत मिळेल. मी माइकशिवाय काय करणार? मला दुसरं काही येत नाही. तू सांग. तू सांगशील ते करीन.

भोंगा


१७ सप्टेंबर

भोंग्या,

मला विचारतोस तर ऐक. नाव दे.

देऊन टाक. तो मास्तर तुझा कोण लागतो? कधी बघितलंस त्याला? त्यानं दोन मिनिटं फोनवर गळा काढला आणि तू अख्ख्या वस्तीला घराबाहेर काढलंस. त्याला सांभाळायला तुझं काळीज पुढे, आणि इथे कोण मेलं, कोण मोडलं, ते तुझ्या गावीही नाही.

मी ठरवलं होतं तुला कळवायचं नाही. यांनीही शपथ घातली होती. पण तू लिहिलंस "नाव दिलं तर त्याला आत टाकतील" आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता ऐकच.

हे मोरीपाशी पडले नाहीत. त्या दिवशी रेडिओ उशाशीच होता. तू म्हणालास आजाऱ्यांना आधी काढा. हे म्हणाले, "भोंगा म्हणतोय म्हणजे निघायला हवं." मी म्हटलं, थांबा, शेजारी विचारते. "अगं विचारतेस काय, त्याचा आवाज ऐकलास ना!" शेजारच्यांनी यांना गादीसकट उचलून भाजीच्या टेम्पोत घातलं. पुलावर टेम्पो अडकला. मागून माणसं, पुढून माणसं. कुणी ओरडलं पाणी आलं, आणि लोक टेम्पोवर चढले. माझ्या डोळ्यांसमोर यांना गादीसकट खाली ढकललं. कुणी मुद्दाम ढकललं नाही. जागा हवी होती. यांच्या अंगावरून लोक गेले, भोंग्या. मी त्यांच्यावर आडवी पडले म्हणून जीव वाचला. कमरेचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात आणि अर्धं अंग असताना ते जुळायचं नाही. कूस बदलायलाही दोन माणसं लागतात. लघवीची नळी लावली आहे.

घरी आम्हाला घेऊन आले तेव्हा उंबऱ्याशी पाणी उतरलेलं. चहाचं भांडं होतं तिथेच होतं. त्यात चहा होता.

ओळ का नाही विचारतोस! लिहायला उठून टेकून बसावं लागतं.

तुझा कान, तुझा कान! सगळ्या जन्माचा तुला तो एक कान. दे नाव, आणि सूट.

ताई


२९ सप्टेंबर

भोंग्या,

मी लिहितोय. पडून लिहितोय, पाटी छातीवर उशीला टेकवून, म्हणून अक्षर मुंग्यांसारखं झालंय. तुझी ताई बाहेर औषध आणायला गेली आहे. तिनं तुला काय लिहिलं ते तिनंच मला परवा सांगितलं आणि रडत बसली. पत्र टाकल्यावर पेटीपाशी उभी राहिली होती म्हणे, पोस्टमन आला तर परत मागावं म्हणून. आला नाही.

तुझं उत्तर नाही. तिला वाटतं तू जिवाचं काही बरंवाईट केलंस. दोन ओळी धाड. मूर्खपणा करू नकोस.

आता माझं. मला राग नाही असं म्हटलं तर खोटं होईल. रात्रंदिवस कळा येतात, आणि कळ आली की तुझा आवाज आठवतो. रेडिओ मी उशापासून काढायला लावला. तुझ्यावर सूड म्हणून नाही. ऐकवतच नाही.

पण मला कुणी हात धरून नेलं नव्हतं. मी आपणहून निघालो. बायको थांबा म्हणत असताना निघालो. पन्नास वर्षं लोकांची घड्याळं उघडली, चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ खोटारडं नसतं, एवढं मला कळतं.

मास्तरचं नाव दे किंवा देऊ नकोस, ते तुझं तू बघ. पण तो अधिकारी असल्याचं सांगत होता, असं लिहिशील तर मात्र माझी मोडलेली कंबर एका खोट्यासाठी मोडली असं होईल. तेवढं करू नकोस.

ताईला हे पत्र दाखवणार नाही, शेजारच्या पोराच्या हातून पेटीत टाकतो. ती आली वाटतं.

घड्याळजी


१९ ऑक्टोबर

ताई, भाऊजी,

मी जिवंत आहे. उशीर झाला, रागवू नका. काय लिहायचं तेच सुचत नव्हतं. 'माफ करा' असं लिहून किती कागद फाडले. तो शब्द तुमच्यासमोर ठेवायला फार छोटा आहे, म्हणून ठेवत नाही.

ताई, तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तुझं खोटं मला याही वेळी ओळखता आलं नाही.

परवा माझी साक्ष झाली. लांब टेबल, पलीकडे पाच जण, पाण्याचे पेले झाकून ठेवलेले. आमचे संचालक एका टोकाला. अध्यक्षांनी विचारलं, "घोषणा तुम्ही कशाच्या आधारावर केलीत?"

मी म्हणालो, "आवाजाच्या."

दोघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "नीट सांगा."

मी नीट सांगितलं. फोन आला, माणूस घाबरलेला होता, त्यानं स्वतः पाहिल्याचं सांगितलं, आपण अधिकारी असल्याचं सांगितलं नाही. मी तीन ठिकाणी फोन केले, कुणी भेटलं नाही. "निर्णय माझा होता. निवेदिकेचा नाही, त्या माणसाचाही नाही. त्यानं मला सांगितलं. लोकांना मी सांगितलं."

"त्याचं नाव?"

"देणार नाही."

"का?"

मी म्हणालो, "उद्या खरंच भिंत फुटली तर कुणीतरी फोन करायला हवा, म्हणून."

मग अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला, जो मी स्वतःला रोज विचारतोय. "तुम्ही लोकांना पुलाबद्दल काही का नाही सांगितलंत? रांगेनं जा, गाड्या आणू नका, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?"

मी म्हणालो, "सुचलं नाही." मी निर्माता आहे ताई. कुठल्या वाक्यानंतर ऐकणारा काय करील, हा विचार करणं हेच माझं काम होतं.

निकाल लगेच आला. पुन्हा कधीही प्रक्षेपणात घ्यायचं नाही. नोकरी हवी असेल तर टेपांच्या खोलीत, मी जिथून सुरुवात केली तिथे. मी नको म्हणालो आणि राजीनामा दिला. चिमणीची नोकरी मात्र पक्की झाली. निरोप घ्यायला ती आली होती, म्हणाली, "सर, मला ते नाव अजून आठवतंय." मी म्हणालो, "आता खरंच विसर."

मला तिकडे यायचं आहे. पण तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

भोंगा


१ नोव्हेंबर

भोंग्या,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. "उद्या खरंच भिंत फुटली तर" इथे मी पोचले तेव्हा हे म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं नाही. मला अजून इतकं मोठं मन झालेलं नाही.

यांना ताप राहतो आहे. पाठीला जखमा झाल्यात. डॉक्टर बोलत नाहीत, नुसते पिशवी आवरतात. यायचं असेल तर लवकर ये.

पण एक अट आहे. आधी माझ्याकडे येऊ नकोस. पुलाच्या अलीकडे वळणावर शिंप्याचं दुकान आहे. पुलावर गेलेल्या दोन बायकांपैकी एक त्याची आई. तू भाऊ माझा, म्हणून मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं आहे. बाजाराला लांबून वळसा घालून जाते. किती दिवस घालू? त्याला ठाऊक आहे मी तुझी बहीण, वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. तू त्याच्यासमोर जा. तो मारील, थुंकील, जे करील ते करील. मग माझ्या दारात ये.

गरम कपडे आण. इथे थंडी पडली आहे.

ताई


१३ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. बसस्टँडच्या बाकावर बसून लिहितोय. भाऊजींच्या समोर हे सगळं बोलता येणार नाही, आणि तुझ्यासमोर बोलायला लागलो तर तू मधेच थांबवशील. तेव्हा दार उघडलंस की आधी हे घे, स्वयंपाकघरात जाऊन वाच. मी बाहेर पायरीवर बसतो.

गेलो होतो. दुपारी गेलो. लहानसं दुकान, एकच मशीन, भिंतीला कापलेले कपडे टांगलेले. माणूस माझ्यापेक्षा लहान आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. मी दारात उभा राहिलो. त्यानं वर न बघता विचारलं, "मापाचं की दुरुस्तीचं?"

मी म्हणालो, "कपडे नाहीत आणले. मी..."

तेवढ्यावर त्याचा पाय मशीनवर थांबला. त्यानं आवाज ओळखला. वर बघितलं. मला वाटलं आता कात्री उचलतो. त्यानं स्टुलावरची कापडं काढून खाली ठेवली आणि म्हणाला, "बसा."

बसलो. तो परत शिवायला लागला. मी जे ठरवून गेलो होतो ते सगळं बोलून टाकलं. पुलाचं मला सुचलं नाही, तेही सांगितलं. त्यानं एकदाही मान वर केली नाही. माझं संपल्यावर धागा तोडला आणि बोलला.

"आई निघायला तयार नव्हती. म्हणाली, रेडिओवाल्यांचं काय ऐकतोस, घोट्यापलीकडे पाणी कधी आलंय आपल्याकडे? मी म्हणालो, हा माणूस उगाच सांगणार नाही. ती खाट सोडेना. मी तिच्यावर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो. हाताला धरून ओढत बाहेर काढली. पुलावर तोच हात सुटला."

त्यानं सुईत नवा धागा ओवला.

"माझे भाऊ म्हणतात, तू ओढून नेली नसतीस तर ती आज असती. बायको बोलत नाही, पण तिच्याही मनात तेच आहे. तुमच्यावर सगळे तोंडानं चिडतात. माझ्याशी गप्प असतात." मग त्यानं विचारलं, "तुम्ही परत कधी बोलणार रेडिओवर?"

मी म्हणालो, "आता नाही बोलणार. मला काढलंय."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्हाला सांगावं. एकदा रेडिओवर सांगा, की ज्यांनी त्या दिवशी ऐकलं ते चुकले नाहीत. घरातले तुमचं ऐकतील म्हणून म्हटलं."

ताई, इतकी वर्षं मी त्या लाल दिव्याखाली बसून लोकांशी बोललो. कुणाला माझ्या एका वाक्याची अशी गरज असेल, आणि ते म्हणायला माझ्याकडे माइक नसेल, असं कधी वाटलं नव्हतं. रेडिओवर नाही, तर निदान त्याला एकट्याला तरी सांगावं म्हणून मी उठून त्याच्या मशीनजवळ गेलो. नेहमीच्या आवाजात बोललो. "तुम्ही चुकला नाहीत. आई वाचावी म्हणून तुम्ही तिला काढलंत. चूक माझ्या सांगण्यात होती, तुमच्या ऐकण्यात नव्हती."

मग आतल्या पडद्याकडे तोंड करून त्यानं बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत बाहेर आली आणि मला बघून दारातच थांबली.

तो तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "परत सांगा."

मी परत सांगितलं.